पिंपावरची इंग्रजी

प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि त्या रागाची सुरुवात स्वतःपासून करणे मला भाग आहे.

निवृत्त झाल्यावर मी बोईसरला एका खोलीत संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला. तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवलेली. धडे तोंडपाठ, खडू हातात बसलेला. वर्गाला औद्योगिक वसाहतीतली माणसे येत. कोणी माल चढवणारा, कोणी बॉयलरवरचा मदतनीस, पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या दोन बायका, उत्तर प्रदेशातून आलेला एक पहारेकरी, आणि तलासरीकडचा एक वारली गडी. वय पस्तिशीचे, रसायनांच्या गोदामात पिंपे हलवण्याचे काम. तिसऱ्या महिन्यात मी या मंडळींना उपसर्ग शिकवले. ‘इन’ लागला की अर्थ उलटतो. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक; कम्प्लीट म्हणजे पूर्ण, इनकम्प्लीट म्हणजे अपुरे. फळा भरला, वह्या भरल्या, आणि मी समाधानाने हात झटकले.

पुढच्या आठवड्यात तो वारली गडी वर्ग सुरू होण्याआधीच येऊन बसला होता. चेहरा उजळलेला. म्हणाला, “सर, आमच्या गोदामातल्या निळ्या पिंपांना आता भ्यायचं काम नाय. त्यांच्यावर लिवलंय, पेटत नाय म्हणून.” मी विचारले, काय लिहिले आहे? त्याने एकेक अक्षर वहीत उतरवून आणले होते. ते अक्षर अक्षर जोडून मी वाचले: इनफ्लेमेबल.

ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इनफ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारे. यातला ‘इन’ नकाराचा नाही. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल या दोहोंचा अर्थ एकच. हा घोटाळा खुद्द इंग्रजांच्या मुलखातही होत असे, म्हणून तर तिकडच्या लोकांनी पिंपांवर ‘फ्लेमेबल’ हा आखूड शब्द रूढ करण्याचा आग्रह धरला. पण जुना शब्द अजून पिंपांवरून गेलेला नाही.

त्या गड्याने काही चूक केली नव्हती. त्याने माझा नियम घेतला, इमानाने लावला, आणि त्या नियमाने त्याला आगीच्या तोंडाशी नेऊन बसवले. वर्गात येण्यापूर्वी त्याला ते अक्षर वाचता येत नव्हते, म्हणून तो पिंपाला भीत होता. त्याची ती भीती शहाणी होती. ती मी घालवली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तीस वर्षांत मी काय शिकवले याचा हिशेब मांडायला मी पहिल्यांदा बसलो.

हा हिशेब माझ्या एकट्याचा असता तर दिवाळी अंकाची पाने त्यासाठी अडवली नसती. पण पालघरपासून डहाणूपर्यंत, आणि मला वाटते महाराष्ट्रात जिथे जिथे प्रौढाला इंग्रजी शिकवण्याचा उद्योग चालतो तिथे तिथे, याच चुकीची दुकाने मांडलेली आहेत.

आधी ही माणसे कोण ते पाहू. आमच्या या पट्ट्यात १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. मागोमाग बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. वसाहत बोईसरची, नाव मात्र तारापूरचे. रसायने, औषधे, पोलाद, कापड असे सारे आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा तोडून पालघर जिल्हा झाला आणि साहेबाची कचेरीही दाराशी आली. फाटकावरची पाटी इंग्रजी, हजेरीचे यंत्र इंग्रजी, पगाराची पावती इंग्रजी, ठेकेदाराचा करारनामा इंग्रजी, पिंपावरचे लेबल इंग्रजी. आणि हे सारे ज्याच्या हातातून जाते त्याची गोष्ट अशी की, आपल्या राज्यात २००० सालापर्यंत इंग्रजी पाचवीपासून होती. आज जो चाळिशीचा आहे आणि ज्याची शाळा चौथीत सुटली, त्याला शाळेने ए-बी-सी-डी दाखवलीसुद्धा नाही. पुढे पहिलीपासून इंग्रजी आली ती त्याच्या मुलांना मिळाली. बाप आपल्या मुलाकडून पगाराची पावती वाचून घेतो. यात बापाला काय वाटते, हे ज्याने त्याच्या तोंडाकडे पाहिले आहे त्यालाच कळेल.

आणि या मुलखाला न वाचता अंगठा उठवण्याचा इतिहास आहे. १९४५ साली तलासरी-डहाणूचा वारली उठला तो वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडीपणाविरुद्ध. लग्नापुरते कर्ज काढून जन्मभर राबणारा तो लग्नगडी. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे. गोदावरी परुळेकरांनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. आज अंगठ्याच्या जागी सही आली. कागद मराठीचा इंग्रजी झाला. सही करणाऱ्याला कागद कळत नाही, ही गोष्ट तेवढी कायम राहिली. म्हणून प्रौढांच्या इंग्रजीचा प्रश्न मी हौसेचा किंवा बढतीचा प्रश्न मानत नाही. तो अंगठ्याच्या प्रश्नाचा पुढचा भाग आहे.

आता या माणसाला आपण काय देतो ते पाहा.

पहिले दुकान फाडफाड इंग्रजीचे. तीस दिवसांत, साठ दिवसांत, न घाबरता. तिथे माणसाला आरशासमोर उभे करून ‘माझे नाव अमुक, माझा छंद वाचन’ असे पाठ करून घेतात. बारा तास उभे राहून आलेल्या माणसाचा छंद काय असणार? त्याला झोप हवी असते. पैसे आधी घेतले जातात. पाळी बदलली की माणूस गळतो, आणि गळाला म्हणजे त्याच्यातच जिद्द नव्हती असे ठरते. या धंद्यात विद्यार्थी नापास झाल्याचा दोष शिक्षकाला कधीच लागत नाही. असा धंदा मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरे दुकान आमचे, म्हणजे शाळामास्तरांचे. आम्ही काळापासून सुरुवात करतो: साधा वर्तमान, चालू वर्तमान, पूर्ण वर्तमान. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या पिढ्या पोसल्या. मी त्या पाठमालेला नाव ठेवणार नाही, कारण तिने एक गोष्ट अचूक ओळखली होती, की शिकणाऱ्याला मराठी येते. पण तिच्यापुढे जो विद्यार्थी होता त्याला कारकुनी करायची होती, अर्ज आणि तर्जुमे लिहायचे होते. आम्ही तिची शिडी उचलली आणि पिंप हलवणाऱ्याच्या खांद्यावर दिली. शिवाय जिथे मोठ्यांसाठी वेगळे पुस्तक नाही तिथे बालवर्गाचे पुस्तक पुढे करतो. ए म्हणजे ॲपल, झेड म्हणजे झेब्रा. ज्याच्या आयुष्यात झेब्रा येणार नाही आणि व्हॉल्व्ह रोज येतो, त्याला झेब्रा शिकवणे ही थट्टा आहे. ही थट्टा त्याला कळते. तो बोलत नाही, फक्त दुसऱ्या आठवड्यापासून येत नाही.

तिसरे दुकान नव्या विद्वानांचे. त्यांचा हुकूम असा की वर्गात इंग्रजीखेरीज दुसरा शब्द नको. ही पद्धत कुठे वाढली ते तरी पाहावे. जिथे एका वर्गात दहा भाषांची माणसे बसत आणि शिकवणाऱ्याला त्यांतली एकही येत नसे, तिथे ती गरज म्हणून वाढली. ती गैरसोय होती. आम्ही तिला तत्त्व करून टाकले. मला मराठी येते, माझ्या विद्यार्थ्याला मराठी येते, आणि आम्ही दोघे एकमेकांसमोर मुक्यासारखे हातवारे करत बसायचे? १९६७ साली डॉडसन नावाच्या वेल्समधल्या प्राध्यापकाने दोन्ही भाषा हाताशी धरून शिकवण्याची पद्धत पुस्तक लिहून मांडली. तिला अर्धे शतक उलटून गेले, आणि आमच्याकडे अजून मराठी बोलल्याबद्दल प्रौढ माणसाकडून दंडाचे दहा रुपये घेणारे वर्ग आहेत.

चौथी मंडळी दुकान मांडून बसलेली नाहीत. ती बाहेर उभी राहून दगड मारतात. ती आमची भाषाभिमानी मंडळी. इंग्रजीचा वर्ग काढला म्हणजे मराठीशी द्रोह केला, असे मला तोंडावर सांगितले गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी गोदामातली पिंपे मराठीत बोलू लागली नाहीत. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असाव्यात, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १०८ व्या कलमात लिहिले होते. म्हणजे कायद्याला हे पाऊण शतकापूर्वी कळले होते. ते भिंतीवर आणण्यासाठी भाषाभिमान्यांनी फाटकाशी जाऊन बसावे. मी त्यांच्या शेजारी सतरंजी टाकून बसेन. परंतु पिंप परमुलखातून येते, त्याचे लेबल तिथेच चिकटते, आणि ते मराठीत होईपर्यंत त्याला हात लावणारा माणूस थांबू शकत नाही. आणखी एक जुनी गोष्ट सांगतो. बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान असताना पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली गेली. हेतू शुद्ध होता. पण ज्यांना परवडले त्यांनी इंग्रजी दुसरीकडून घेतलीच. ज्यांना परवडले नाही ते तेवढे उरले. ज्याला दोन्ही भाषा येतात त्याने एकाच भाषेचा उपदेश दुसऱ्याला करावा, हे मला पटत नाही.

भोपाळच्या ज्या कारखान्यातून डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायू सुटून हजारो माणसे मेली, तिथल्या कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या आणि त्या समजणारे कामगार थोडे होते, ही गोष्ट पुढे नोंदली गेली. आमच्या वसाहतीतही जानेवारी २०२० मध्ये स्फोट होऊन माणसे दगावली. त्याचे कारण भाषा होती असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण अशा वसाहतीत शिकवणाऱ्या मास्तराने झेब्रा शिकवू नये, एवढे म्हणण्याचा अधिकार मला आहे.

मग शिकवावे कसे? टीका करून मोकळे होणे सोपे असते, म्हणून इनफ्लेमेबलच्या त्या रात्रीनंतर मी काय बदलले ते सांगतो.

पहिली गोष्ट, मी पुस्तक बंद केले आणि प्रत्येकाला सांगितले की कामावर जे इंग्रजी अक्षर रोज दिसते ते उतरवून आणा. नऊ शब्द सगळ्यांकडे सारखे निघाले: ऑन, ऑफ, स्टॉप, स्टार्ट, हॉट, ओपन, शट, डेंजर, एक्झिट. यांतला एकही शब्द त्यांना नवा नव्हता. तोंडात होता, फक्त डोळ्याला ओळखीचा नव्हता. आता गंमत पाहा. या नऊ शब्दांत इंग्रजीची सव्वीसपैकी पंधरा अक्षरे येतात. त्यांत व्हॉल्व्ह, वॉटर, बॉयलर, केमिकल आणि टँक हे पाच शब्द घातले की आणखी सात येतात. चौदा शब्दांत बावीस अक्षरे. उरतात जे, क्यू, वाय आणि झेड. त्यांची कोणालाच घाई नसते. लेबलांवर मोठी अक्षरे असतात म्हणून मोठी आधी शिकवली. लहान अक्षरे पगाराच्या पावतीबरोबर आली. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे या शिक्षकाने १९६३ साली मजुरांना त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांवरून थोड्या दिवसांत वाचायला शिकवले होते. मी नवीन काही केले नाही. फक्त शब्द बोईसरचे घेतले.

दुसरी गोष्ट, ऐकण्याआधी विचारायला शिकवले. आम्ही शाळेत नेहमी उत्तरे शिकवतो. नाव काय, गाव कोणते. साहेब विचारणार, हा सांगणार. प्रौढाला पहिल्या दिवशी लागते ते वेगळेच. ‘आय डोन्ट अंडरस्टँड.’ ‘प्लीज से इट अगेन.’ ‘व्हॉट इज धिस?’ आणि चौथे वाक्य, ज्यावर वर्गात सगळ्यात जास्त हशा पिकला आणि जे सगळ्यांनी घट्ट पाठ केले: ‘आय विल रीड अँड साइन टुमॉरो.’ वाचून उद्या सही करतो. आधी मी ते इंग्रजीत म्हणतो, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. पहारेकऱ्यासाठी मध्ये हिंदी. मग सगळे मिळून म्हणतात, मग दोघे दोघे, आणि मग ज्याला वाटेल तो एकटा. कोणालाही फळ्यापाशी एकटे उभे करायचे नाही, हा आमच्या वर्गाचा पहिला नियम. शाळेत ज्याने उभे राहून मार खाल्ला आहे, त्याला चाळिशीत पुन्हा उभे करू नये.

तिसरी गोष्ट चुकांची. पूर्वी मी प्रत्येक चूक धरत असे. आता फक्त अर्थ फिरवणारी चूक धरतो. ‘धिस व्हॉल्व्ह हॉट’ म्हणणाऱ्याचा ‘इज’ गळला तर कोणाचा हात भाजत नाही. ‘डोन्ट ओपन’मधला ‘डोन्ट’ गळला तर भाजतो. ‘डोन्ट’ आणि ‘नो’ यांवर मी तीन संध्याकाळी घालवल्या, आणि ‘इज’, ‘आर’ आपोआप येईल तेव्हा येऊ दिले. पुष्कळांना ते आलेही.

चौथी गोष्ट पाळीची. वसाहतीत आठवड्याला पाळी फिरते. दिवसपाळीत आलेला माणूस रातपाळीच्या आठवड्यात दिसत नाही. शाळेचा धडा कालच्या धड्यावर उभा असतो. एक चुकला की पुढचा कोसळतो. म्हणून आमचा प्रत्येक धडा स्वतःपुरता पुरा असतो. आज पगाराची पावती: बेसिक, ओव्हरटाइम, डिडक्शन. डिडक्शन म्हणजे कापले, हे शिकवले. मग प्रत्येकाने आपले काय कापले ते पाहिले. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो असे कायदा सांगतो. वर्गात गुणाकार झाला. पॅकिंगमधल्या दोघींपैकी एकीचा हिशेब जुळेना. तिने दुसऱ्या दिवशी पावती ठेकेदाराच्या माणसापुढे धरली आणि बोट ठेवून विचारले, “व्हॉट इज धिस?” ठेकेदाराने काय उत्तर दिले ते मी इथे लिहीत नाही. पुढच्या महिन्याची पावती तिने वर्गात सगळ्यांना दाखवली, एवढे लिहितो.

हे मी कुठून शिकलो? इंग्रजीच्या कोणत्याही पदवीतून नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या कोसबाडच्या टेकडीवरून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. आदिवासी पोर शाळेत येत नाही असे दिसले तेव्हा त्यांनी पोराला दोष दिला नाही. शाळा अंगणात नेली. गुरे चारायला पोर कुरणात जाते असे दिसले तेव्हा कुरणशाळा काढली. जवळचे खडे, पाने, बिया हेच साहित्य. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सगळ्यांच्या तोंडी आहे. तो या मातीतून गेला. मुलासाठी जे साठ-सत्तर वर्षांपूर्वी झाले ते त्या मुलाच्या नातवासाठी, तो मोठा होऊन फाटकाच्या आत गेल्यावर, आम्हांला करता येऊ नये? खड्या-बियांच्या जागी आता लेबल आणि पावती आहे, आणि कुरणाच्या जागी पाळी सुटण्याची वेळ.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला खरोखर टोचतो. माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक, म्हणाला, “सर, तुम्ही त्यांना कारखान्यापुरतीच इंग्रजी देता. साहेबांच्या मुलांना शेक्सपिअर आणि यांना पिंप. ही नवी वर्णव्यवस्था झाली.” मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पिंपापाशी जो वर्ग थांबेल तो मालकाचा वर्ग होईल; तसा वर्ग चालवायला मालकही आनंदाने खोली देतील. म्हणून मी ‘व्हॉट इज धिस’ला इतका चिकटून आहे. मालकाला लेबल वाचणारा कामगार हवा असतो, प्रश्न विचारणारा नको असतो. एकदा प्रश्न विचारता आला की माणूस कुठे जाईल हे मास्तराने ठरवायचे नसते. आमच्या वर्गातल्या पहारेकऱ्याला बाबासाहेबांनी इंग्रजीत जे लिहिले ते इंग्रजीतच वाचायचे आहे. त्याला अजून पुष्कळ वेळ लागेल. पण त्याने ते मला सांगितले ते ‘स्टॉप’ आणि ‘स्टार्ट’ वाचता आल्यानंतर, आधी नाही. तळाची पायरी दिल्याबद्दल मला दोष देण्यापेक्षा माझ्या प्राध्यापक विद्यार्थ्याने आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन वरची पायरी धरावी. त्याला मी तसे सांगितले आहे. तो अजून आलेला नाही.

हा अंक पालघर, केळवे, चिंचणी, डहाणू इथल्या घरांतही जाईल. त्या घरांत माझ्यासारखे निवृत्त मास्तर आहेत, बँकेतले, कचेरीतले, वीज केंद्रातले लोक आहेत, ज्यांना इंग्रजी येते आणि ज्यांची संध्याकाळ मोकळी असते. त्यांना माझी विनंती आहे की वर्ग काढावा, पण पुस्तक आणू नये. आधी दोन दिवस फाटकाबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावे, तुमच्या हाताखाली काय लिहिलेले असते? आणि जे उत्तर मिळेल ते स्वतः नीट वाचून, शब्दकोशात पाहून, मग फळ्यावर लिहावे.

तो वारली गडी अजून वर्गाला येतो. त्या दिवशी मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि इनफ्लेमेबलचा खरा अर्थ सांगितला. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हंजे सर, माझी भीतीच बराबर होती.” पुढच्या दिवशी त्याने ते सगळ्या पाळीला सांगितले, आणि घरून खडू नेऊन पिंपांवर मराठीत लिहिले: ‘पेटतं.’ ती अक्षरे वाकडी आहेत असे तो म्हणतो. मी ती पाहिलेली नाहीत. गोदामात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत.